नदी गोठायच्या आत

मी रशियन शिकले ती काही हौसेनं नाही. कॉलेजात असताना संध्याकाळचा वर्ग जवळजवळ फुकट होता, पुस्तकं मातीमोल मिळायची आणि घरी लवकर जायचं नव्हतं, एवढीच कारणं. चार-पाच वर्षं घासून डिप्लोमा हातात पडला आणि थोड्याच दिवसांत तो देशच मोडला. डोंबिवलीचा माझा भाऊ तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की विचारायचा, "मग, काय म्हणतो तुझा रशिया?" जणू काही मीच तो पाडला होता.

आई गेल्यावर वाशीच्या त्या दीड खोलीच्या घरात मी एकटी उरले. तेहेतीस वर्षांची होते. स्थळं सुचवणारे दमले होते आणि मीही त्यांना दमवायला हातभार लावला होता. भावाचं म्हणणं, घर विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये. तिथे जाऊन मी काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं: बिनपगारी आत्या. म्हणून मी हट्टानं वाशीतच राहिले, पण रविवार मला खायला उठायचा. सकाळी दूधवाल्याला "एक पिशवी" म्हटलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कारण नसे. कधी कधी मी भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करायची, तेवढंच बोलणं.

अशात कुणीतरी सांगितलं की महापेला एमआयडीसीतल्या एका हिऱ्यांच्या कारखान्यात दुभाषी हवी आहे. शेठ गुजराती होते. त्यांच्याकडे रशियाच्या पार उत्तरेकडून कच्चा माल येऊ लागला होता आणि तो ओळखायला, निवडायला शिकवण्यासाठी तिकडच्याच एक बाई वर्षाच्या करारावर आल्या होत्या. पंचावन्न-छप्पन्नच्या, रुंद चेहऱ्याच्या, बारीक डोळ्यांच्या. त्यांना रशियनखेरीज काही येत नव्हतं. निवडायला बसणाऱ्या सात मुली खाडीकाठच्या गावांतल्या आगरी. त्यांच्यामध्ये मी. माझा डिप्लोमा पहिल्यांदा कामाला आला, आणि पगारही शाळामास्तरणीपेक्षा बरा होता.

कामाची रीत अशी की टेबलं उत्तरेकडच्या खिडकीशीच लावायची. उत्तरेच्या उजेडात ऊन येत नाही, दगडाचा खरा रंग दिसतो. दुपार कलली, ढग आले, की बाई हात वर करायच्या आणि सगळ्यांचे चिमटे खाली. दिवे लावून पाहिलेला दगड त्यांच्या लेखी न पाहिलेलाच. मुलींना आधी वाटायचं, हे तुरटीचे खडे. खरंच तसेच दिसायचे ते, फक्त धारेचे, दोन पिरॅमिड पायाशी चिकटवल्यासारखे. बाई एकेक खडा चिमट्यात फिरवून दाखवायच्या, मी बोलायची, मुली माना डोलवायच्या. तिसऱ्या महिन्यात त्यांना मावशी हे नाव पडलं. त्यांनी ते निमूट घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत मुली तांदळाची भाकरी आणि सुकट आणत. मी ब्राह्मणाघरची, मला त्या वासानं कसंतरी व्हायचं. बाई मात्र पहिल्याच दिवशी डब्यापाशी सरकल्या. त्यांच्याकडेही मासे वाळवून, गोठवून ठेवतात आणि हिवाळाभर खातात. "मावशी, अजून घे. घरी ढीग हाय," मुली म्हणायच्या. बाई दोन बोटांनी सुकट उचलून खायच्या आणि मला विचारायच्या, तू का नाही खात? मी म्हणायची, पोट बरं नाही. सहा महिने माझं पोट बरं नव्हतं.

रविवारी त्या माझ्याकडे यायला लागल्या. शेठनी त्यांना कोपरखैरण्याला एक खोली दिली होती, तिथे त्यांना उकाड्यानं जीव नकोसा व्हायचा. माझ्याकडे येऊन पंख्याखाली बसायच्या, गार पाण्याच्या बादलीत पाय सोडायच्या आणि बोलायच्या. मी बटाटे चिरत ऐकायची. एवढं बोलणं त्या घरात आई असतानाही झालं नव्हतं.

त्यांच्या खाणीची गोष्ट मी तेव्हा ऐकली. त्या मुलखात जमीन शेकडो मीटर खोल गोठलेली असते, उन्हाळ्यात फक्त वरच्या हातभर थराचा चिखल होतो. म्हणून घरं खांबांवर उभी करतात, नाहीतर घराच्या उबेनं खालची जमीन पाघळते आणि घर खचतं. खाण खणायची तर आधी जमीन वाफेनं वितळवावी लागे, विमानाची जुनी इंजिनं लावून ती भाजावी लागे. थंडीत पोलाद काचेसारखं तडकायचं. ट्रकचं इंजिन एकदा बंद केलं तर वसंतापर्यंत चालू होत नसे, म्हणून रात्रंदिवस घरघरत ठेवायचे. खाणीचा खड्डा एवढा की पलीकडच्या कडेवरचा ट्रक मुंगीएवढा दिसतो, असं त्या म्हणाल्या.

आणि त्याआधीचं. शे-दीडशे किलोमीटर खाली, जिथे कुणी गेलं नाही आणि जाणार नाही, तिथे माणसाचं नावही नव्हतं तेव्हा हे दगड तयार झाले. मग कधीतरी खालचा तप्त रस नळीसारखी वाट फोडून वर उसळला आणि येताना त्यांना घेऊन आला. ती नळी वरून दिसत नाही. वर जंगल, शेवाळ, तळी. शोधणाऱ्यांना हिरे आधी सापडतच नाहीत, सापडतात लाल कण, डाळिंबाच्या दाण्यासारखे, जे त्याच नळीतून येतात आणि ओढ्यांबरोबर वाहत जातात. ओढ्याची वाळू धूत धूत, ते कण मोजत, वरवर चढायचं. कण संपले की समजायचं, आपण नळीवरून पुढे आलो. वीस वर्षांच्या असताना बाई अशा एका तुकडीत वाळू धुवायला होत्या, आणि त्यांची आई त्याच तुकडीत स्वयंपाकाला. आईचं गाव नदीकाठचं. नंतर धरण झालं, खालच्या वाडीतली कुरणं पाण्याखाली गेली. हे मी सोमवारी मुलींना सांगितलं तेव्हा त्यातली थोरली म्हणाली, "आमचा पन मिठागर व्हता. आता तिथं सेक्टर हाय." बाईंना ते सांगितलं. त्यांनी तिचा हात धरून ठेवला, बराच वेळ.

ती आई अजून होती. ऐंशीच्या पुढची, गावात एकटी, फोन नाही. सप्टेंबरच्या मध्यावर कारखान्याच्या फॅक्सवर बाईंच्या भावाचं पत्र आलं. आई पडली आहे, अंथरूण धरलं आहे, नदी गोठायच्या आत ये.

नदीचं म्हणजे असं. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत होड्या चालतात. डिसेंबर लागला की बर्फ इतकं घट्ट होतं की त्यावरून मालट्रक जातात, त्यालाच ते रस्ता म्हणतात. पण मधले सात-आठ आठवडे ना होडी, ना रस्ता. पाण्यात बर्फाचे तुकडे फिरत असतात आणि पलीकडचं गाव पलीकडेच राहतं. हेलिकॉप्टर असतं, पण ते हवेवर आणि वरच्यांच्या मर्जीवर. सप्टेंबरात निघालं तर बाई पोचणार होत्या. उशीर झाला तर अलीकडच्या काठावर उभ्या राहणार होत्या.

करारात डिसेंबरपर्यंतचं काम होतं. बाई कराराच्या फार पक्क्या. त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही शेठच्या केबिनमध्ये गेलो. मी सगळं नीट सांगितलं, नदीसकट. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "माँ का मामला है. जाना है तो जाने दो, टिकट मैं करा दूँगा. हाँ, दिवाली तक रुक जाए तो मेरे लिए अच्छा, बड़ा पार्सल आ रहा है."

बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "शेठ म्हणतात, दिवाळीपर्यंत थांबलात तर बरं. मोठा माल येतोय."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पुढचे सगळे रविवार माझ्या डोळ्यांसमोर रिकामे उभे राहिले होते आणि तोंडातून तेवढंच बाहेर पडलं. पुढचं सांगायला मी श्वाससुद्धा घेतला होता, हे मला आठवतं. पण बाईंनी तेवढ्यात मान हलवली. "ठीक. मग बर्फावरून जाईन. आई हट्टी आहे, थांबेल." शेठना वाटलं, त्यांनी स्वतःहून थांबायचं ठरवलं. ते खूश झाले, चहा मागवला. तो चहा मी प्याले.

दुरुस्त करायला मला पाच आठवडे होते. पहिले पंधरा दिवस तर होडीही चालू होती. रोज महापेच्या बसमध्ये मी वाक्य जुळवायची, रोज उतरताना वाटायचं, आज नको, उद्या. रविवारी त्या बादलीत पाय सोडून बसायच्या आणि मी त्यांच्यासाठी मुद्दाम बटाट्याचं त्यांच्या पद्धतीचं काहीतरी करायची. त्या महिन्यात मी त्यांची जेवढी सेवा केली तेवढी आईचीही केली नव्हती. मला स्वतःची किळस यायची आणि तरी रविवारची वाट बघायची.

दिवाळीच्या आठवडाभर आधी दुसरा फॅक्स आला. शेठ बाहेर होते, तो मीच उचलला. भावाचं वाकडंतिकडं अक्षर, त्या गुळगुळीत कागदावर पुसट. आई मंगळवारी गेली. शेजारी होते. खड्डा खणायला दोन दिवस जमिनीवर आग ठेवावी लागली, वरचा थर आताच कडक झाला आहे. मीही पलीकडे जाऊ शकलो नाही, हे सगळं गावातून वायरलेसवर कळलं. शेवटी विचारत होती, मुलगी होडीत बसली का.

मी तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. उजेड चांगला होता. त्यांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि समोरची पुडी पूर्ण निवडून मगच उठल्या.

तीन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "चल, शेठना एक विचारायचंय." केबिनमध्ये त्या उभ्याच राहिल्या. शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही भले माणूस आहात असं मला वाटत होतं. आई आजारी असताना तुम्ही मला का सोडलं नाहीत?"

शेठ म्हणाले, "क्या बोल रही हैं?"

पुन्हा तेच माझ्या हातात होतं. मी काहीही सांगू शकले असते, दोघांनाही. शेठना म्हणता आलं असतं, त्या आभार मानताहेत. त्यांना म्हणता आलं असतं, शेठ माफी मागताहेत. कुणाला कधी कळलं नसतं. मी बाईंचं वाक्य हिंदीत सांगितलं, आहे तसं.

शेठ चकित झाले. "मैंने तो बोला था, जाने दो. टिकट का भी बोला था. बेन, आप ही तो थीं. नहीं बोला था?"

मी तेही रशियनमध्ये सांगितलं. तिकिटाचं, आणि शेवटचा प्रश्नही.

बाई माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. दगड निवडताना बघायच्या तशा बघत होत्या.

"का?"

"तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं मला," मी म्हटलं. "माझं इथे कुणी नाही."

"माझी आई होती ती," त्या म्हणाल्या.

शेठनी विचारलं, "अब क्या बोल रही हैं?" मी सांगितलं, "बोल रही हैं, वो मेरी माँ थी." रडू आलं ते त्यानंतर, आणि त्याची मला लाजही वाटली, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

बाई दिवाळीनंतर दहा दिवसांनी गेल्या. मधल्या दिवसांत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलींना हातानं दाखवायच्या, बोटांनी आकडे सांगायच्या, "चांगला", "नको", "परत बघ" एवढे शब्द त्यांना येतच होते. काम कुठेही अडलं नाही. मी शेजारी खुर्चीवर बसून असायची. विमानतळावर ड्रायव्हर सोडायला गेला. शेठनी मला काढलं नाही, हिशेबाच्या टेबलावर बसवलं. का ठेवलं ते मी कधी विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये मुलींच्या नावानं एक पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते माझ्यापुढे धरलं, दुसरं कोण वाचणार. मी वाचत गेले. बर्फ फुटलं, पहिल्या होडीनं मी गावी जाऊन आले. थडग्यावर गवत आलंय. डोळे रोज गार पाण्यानं धुवा. दिवे लावून दगड पाहू नका. मग एकेकीची चौकशी, नावानिशी, सातही जणींची. धाकटीचं लग्न ठरलं का, थोरलीच्या वडिलांचा गुडघा कसा आहे. खाली सही.

"आनि ताई, तुमच्यासाठी काय लिवलंय?" थोरलीनं विचारलं.

एक ओळ घालायला किती लागतं. सातही जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांच्यातल्या कुणाला ते अक्षर वाचता येणार नव्हतं.

"माझ्यासाठी काही नाही," मी म्हटलं.

"विसरली असंल," ती म्हणाली, मला वाईट वाटू नये म्हणून.

"नाही, विसरली नाहीये," मी म्हटलं, आणि मग का नाही ते त्यांना पहिल्यापासून सांगितलं.