आठच्या आठ बाटल्या

नव्व्याण्णव साली मी रत्नागिरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. लॅब एका डॉक्टरबाईंची. दोन खोल्या आणि माणसं तिघं: डॉक्टरबाई, मी आणि भाऊ. भाऊ तिथले जुने टेक्निशियन, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचा हात इतका हलका, की रक्त द्यायला घाबरणारी माणसं “भाऊ आले की टोचा” म्हणून बाकावर बसून राहायची. मला काम त्यांनीच शिकवलं. हातमोजे तेवढे ते घालत नसत. “मोज्यातून शीर लागत नाही गो,” म्हणायचे.

मी लागून वर्ष होत आलं असेल. एक दिवस जयगडकडचा एक तरुण खलाशी दोन कागद घेऊन आला. आखातातल्या बोटीवर त्याची नोकरी ठरली होती. मुंबईला मेडिकल व्हायच्या आधी खात्री करावी म्हणून त्याने आमच्याकडे रक्त तपासून घेतलं होतं. उपाशीपोटी साखर एकशे बत्तीस, असं आमचा कागद सांगत होता. मुंबईचा कागद म्हणत होता, सत्त्याण्णव.

“पंधरा दिवस आईने मला भात दिलेला नाही, ताई,” तो म्हणाला. “सकाळी कारल्याचा रस, दुपारी नाचणीची भाकरी. घरात सगळे माझ्याकडे आजारी माणसासारखे बघतात. आता खरा कागद कुठला ते तुम्हीच सांगा.”

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी भाऊंकडे बघितलं. ते टेबलावरून न उठता म्हणाले, “पंधरा दिवस पथ्य केलंत, साखर उतरली. चांगलंच झालं की.”

खलाशी दोन्ही कागदांची घडी करून निघून गेला. त्याला ते पटलं नव्हतं. मलाही नाही.

आमच्याकडे एक वही असायची, कंट्रोलची. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेलं रक्तद्रव. त्यात साखर किती आहे हे आधीच माहीत असतं. रोज सकाळी पेशंटच्या आधी ते मशीनवर लावायचं. ठरलेल्या आकड्याच्या आसपास आलं तर मशीन, औषधं आणि आपला हात ठीक आहे असं धरून पुढे जायचं. नाही आलं तर थांबायचं. हे काम भाऊंचं होतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच ती वही नीट वाचली. शहाण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. पानांमागून पानं तेच. कॉलेजात आम्ही एकच नमुना लागोपाठ तीनदा लावला तरी आकडे यापेक्षा जास्त हलायचे.

कंट्रोल आम्ही छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचो, रोजची एक. मी मोजल्या. आठ होत्या. दुसऱ्या दिवशी वहीत भाऊंच्या अक्षरात शहाण्णव, बाटल्या आठ. तिसऱ्या दिवशी पंच्याण्णव, बाटल्या आठ. चौथ्या दिवशी फ्रीझर उघडताना भाऊ मागे येऊन उभे राहिले. “काय शोधतेस?” मी म्हटलं, “बर्फ.” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की त्यांना कळलंय आणि तेही माझ्यावर नजर ठेवून आहेत. चहा पिताना आमचं बोलणं कमी झालं. बाटल्या आठच्या आठ.

शनिवारी ते एका घरी रक्त घ्यायला गेले तेव्हा मी एक बाटली काढली आणि कंट्रोल लावलं. एकशे एकोणतीस आलं. पहिला संशय स्वतःवरच. पुन्हा लावलं, एकशे तीस. मग लक्ष गेलं स्टँडर्डच्या बाटलीकडे. ते साखरेचं ठरावीक पाणी. त्याच्याशी ताडून मशीन रक्तातली साखर सांगतं. ती बाटली दिवसभर टेबलावर उघडीच असायची, आणि आमच्याकडची दमट हवा तर पापडसुद्धा तासाभरात मऊ करते. उजेडात धरली तर तळाशी कापसासारखं काही तरंगत होतं. बुरशी. ती साखर खात होती, आणि स्टँडर्ड पातळ झालं की प्रत्येक पेशंटची साखर जास्त दिसत होती. मी नवी बाटली फोडली. कंट्रोल शहाण्णव आलं.

भाऊ परत आल्यावर मी जुनी बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

“भाऊ, कंट्रोल शेवटचं कधी लावलंत?”

त्यांनी बाटली उचलून बघितली आणि स्टुलावर बसले. “वर्षानुवर्षं रोज लावलं,” ते म्हणाले. “रोज तेच यायचं. मग एक दिवस गर्दी होती, नाही लावलं. काही बिघडलं नाही. मग...” बाटली खाली ठेवून म्हणाले, “तू डॉक्टरांना सांगणार?”

“तुम्ही सांगा. सोमवारपर्यंत नाही सांगितलंत तर मी सांगते.”

सोमवार लागला नाही. संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा ते स्वतःच आत गेले आणि दार लावलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, “ही बाटली फोडल्यापासूनचे सगळे साखरेचे रिपोर्ट काढ.”

पुढचा आठवडा आम्ही माणसं शोधण्यात घालवला. कुणाच्या गावातल्या दुकानाच्या फोनवर निरोप, कुणाला एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी. खलाशाच्या घरी डॉक्टरबाईंनी स्वतः फोन केला. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. पण मालगुंडच्या एका निवृत्त शिक्षिकेची मधुमेहाची गोळी आमच्या आकड्यावरून दुप्पट झाली होती, आणि चार दिवसांपूर्वी त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण कपाळाला टाके होते.

त्यांच्याकडे भाऊ गेले. मीही बरोबर होते. त्यांनी आधी रक्त घेतलं, हातमोजे घालून, मग म्हणाले, “बाई, मागची चूक माझी. तपासून बघायचं ते मी बघितलं नाही आणि बघितलं असं लिहिलं.” शिक्षिकेने टाक्यांवरून बोट फिरवलं. “मुलांनी न सोडवता उत्तरं लिहिली की मला लगेच कळायचं,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे बघणारं कुणी नव्हतं का?” गोळी पूर्ववत झाल्यावर त्या बऱ्या झाल्या.

डॉक्टरबाईंनी भाऊंना काढलं नाही. पण त्यानंतर कोणावरच विश्वास ठेवला नाही. वहीवर रोज त्यांची सही, रिकाम्या बाटल्या त्यांच्यासमोर टाकायच्या. शिवाय त्या, कुठले ते न सांगता, खोट्या नावांचे नमुने ट्रेमध्ये मिसळायला लागल्या. त्यामुळे कुठल्याही पेशंटची नळी हातात घेताना मनात यायचं, हा माणूस खराच आहे का? मला ते अपमानाचं वाटे. चोरी मी पकडली होती, मग माझी झडती कशाला?

काही महिन्यांनी त्यांनी मला आत बोलावलं. समोर दोन रिपोर्ट होते, दोन बायकांच्या नावाचे, दोन्ही माझ्या सहीचे. किडनीसाठी बघतात तो युरिया एकात छत्तीस, दुसऱ्यात चोवीस.

“दोन्ही माझंच रक्त आहे,” त्या म्हणाल्या. “एकाच वेळी काढलेलं.”

माझा चेहरा उतरला. मी म्हटलं, मी काळजीनेच काम करते. “माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच तुला कळलं नसणार. बघ काय झालंय.”

बाहेर येऊन मी दोन्ही नमुने पुन्हा लावले. भाऊ येऊन शेजारी उभे राहिले. या वेळी त्यांनी माझ्या हातातलं नमुना मोजून ओढायचं पिपेट घेतलं, टोक उजेडात फिरवलं आणि केसासारखी बारीक चीर दाखवली. “यातून हवा जाते,” म्हणाले, “म्हणून एखाद्या वेळी कमी ओढलं जातं.” दुसरं पिपेट आणून दिलं. त्या दिवशीचे सगळे नमुने आम्ही दोघांनी मिळून पुन्हा तपासले. घरी जायला रात्र झाली.