पाव टाकी डिझेल

माझ्या मामाकडे एक जुनी जीप होती आणि तिच्या डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा कायम शून्यावर पडलेला असायचा. मामाचं त्यावाचून काही अडत नव्हतं. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. वाडीतली केळी बाजाराला न्यायच्या आधी रोज सकाळी तो टाकीचं झाकण उघडून बांबूची कामटी आत सोडायचा, किती भिजली ते बघायचा आणि सुकलेल्या केळीच्या पानाला पुसून ठेवायचा. कामटीवर कोयत्यानं तीन खाचा पाडलेल्या. एवढ्या वर्षांत जीप एकदाही डिझेलवाचून वाटेत उभी राहिली नव्हती. ती उभी राहिली मी काटा दुरुस्त केल्यावर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी नुकताच नोकरीला लागलो होतो. वसई स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये उघडून बघायचं असं एकही यंत्र मी शिल्लक ठेवलं नव्हतं. पापडीला मामाच्या वाडीवर गेलो की त्या मेलेल्या काट्याकडे बघून हात शिवशिवायचे. मामाची कामटी बघून तर मला हसूच यायचं. एका रविवारी मी मीटर बाहेर काढलं. खाऱ्या हवेनं वायरीचं टोक हिरवं पडलं होतं. ते घासून नवा टाका मारला. इथवर सगळं ठीक होतं. पण काच काढताना काटाच निसटून माझ्या मांडीवर पडला.

तो नेमका कुठे बसवायचा ते मला ठाऊक नव्हतं. ‘टाकीत किती आहे?’ मी मामाला विचारलं. त्यानं कामटी घातली आणि म्हणाला, ‘अर्धी.’ मी चावी फिरवून काटा अर्ध्यावर दाबून बसवला. शिकलेल्या माणसाचं काम!

मामाला काय आनंद झाला! येणाऱ्याजाणाऱ्याला जीपपाशी बोलावून तो चावी फिरवायचा आणि काटा वर चढताना दाखवायचा. ‘भाच्यानं केलंय,’ म्हणायचा. कामटी घालणं त्यानं त्याच दिवशी बंद केलं. मीही कॉलर ताठ करून उभा राहायचो.

पुढच्या रविवारी काटा पाव टाकी दाखवत होता. मामा जेवायला बसला होता. का कोण जाणे, मी पडवीतून कामटी उचलली आणि टाकीत घातली. फक्त टोक ओलं झालं. काटा अर्ध्यावर बरोबर होता, खाली उतरताना खोटं बोलत होता. तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. पण आत शेजारचे दोघे जेवायला होते आणि मामा त्यांना माझंच कौतुक ऐकवत होता. पुढच्या खेपेला गुपचूप नीट करू, असं मी ठरवलं. त्यानंतर मामानं कधीतरी डिझेल भरलं, आणि मी निर्धास्त झालो. पुढचे दोन रविवार मी मित्रांबरोबर राजोडीला क्रिकेट खेळण्यात घालवले.

तिसऱ्या रविवारी दुपारी मी वाडीवर असतानाच कळंबहून निरोप आला. मामीच्या आईचं काही खरं नव्हतं, ती लेकीला बोलवत होती. मामी तिची एकुलती एक. शेवटचं पाणी लेकीच्या हातून हवं, हे म्हातारी गेली दोन वर्षं येईल त्याला सांगत होती. मामी नेसत्या लुगड्यानिशी जीपमध्ये बसली. मी मागे चढलो. मामानं चावी फिरवली. काटा पाववर आला.

सोपाऱ्याला पेट्रोल पंप दिसला. मी पुढे वाकून म्हणालो, ‘मामा, डिझेल टाकायचं का?’

‘हाय ना पाव टाकी. तुझाच काटा सांगतो,’ मामा म्हणाला आणि त्यानं गाडी तशीच पुढे दामटली.

मामी पदर तोंडाला लावून बसली होती. ‘काटा खोटा आहे,’ एवढे तीन शब्द होते. माझी जीभ रेटली नाही. पोचू की, असं मी स्वतःला सांगितलं आणि मागे टेकून बसलो. पंप मागे गेला.

निर्मळच्या पुढे जीप दोन आचके देऊन थांबली. डिझेलची गाडी एकदा कोरडी पडली की पाइपात हवा शिरते. नुसतं डिझेल ओतून ती चालू होत नाही, हवा काढत बसावं लागतं. मी एकाची सायकल मागून घेऊन पंपाकडे पळालो. परत आलो तर मामा एकटाच बॉनेटपाशी उभा होता. बर्फाच्या लाद्या घेऊन कोळीवाड्याकडे जाणाऱ्या टेम्पोत त्यानं मामीला बसवून दिलं होतं. ती पोचली तेव्हा म्हातारीला जाऊन थोडाच वेळ झाला होता. पाणी शेजारणीनं घातलं होतं.

आम्ही मागाहून पोचलो तेव्हा मामीनं दारातच मामाला विचारलं, ‘डिझेल बघितलं नव्हतं?’

मामानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘नाय बघितलं. माझीच चूक झाली,’ म्हणाला.

मी तिथेच होतो. दोन हातांवर.

मामी त्यानंतर त्या जीपमध्ये कधी बसली नाही. कुठे जायचं झालं तर एसटीनं जायची. भांडण असं काही नव्हतं. जेवण वेळेवर, औषधपाणी वेळेवर. पण बोलता बोलता एखाद्या पाहुण्यासमोर ती म्हणायची, ‘यांनी डिझेल बघितलं नाय, म्हनून माझी आई तशीच गेली.’ मामा खाली मान घालून सुपारी कातरत राहायचा. मी चहा पीत असायचो. हे दहा वर्षं चाललं. मी किती वेळा तिथे बसून चहा प्यायलो असेन! लाज वाटायची, आणि तरी कप रिकामा करून मी घरी जायचो.

मामा गेला. त्याचं बारावं झाल्यावर मात्र मला राहवेना. मामी पडवीत वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. निसटलेला काटा, ओलं टोक, सोपाऱ्याचा पंप, सगळं. ती ओरडेल, मला घराबाहेर काढेल, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर तेच मला हवं होतं.

तिचे हात थांबले.

‘ते असताना का नाय सांगितलंस हे?’ ती म्हणाली. ‘मी दहा वर्सं त्यांच्याशी धड बोलले नाय रे.’