मास्कखालचे ओठ

डिझाइनवाल्यांनो, एक अडचण आहे.

आज सक्करदऱ्यातल्या माझ्या दुकानात मौद्याचे एक काका आले. बायको परवा गेली. श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी मोबाइलमध्ये एकच फोटो, दवाखान्यातला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क.

"हा काढता येते का वं पोरी?"

सॉफ्टवेअर दोनदा अडकलं, मग मास्क निघाला. खालचे ओठ त्याने मनानेच बनवले. हसरे, सुरेख. मी खूश.

काका बघतच राहिले. "हे कोण आहे वं? माह्या बायकोचे दात पुढं होते."

"कसे, सांगा, तसे करते."

त्यांनी डोळे मिटले. "हे पाहिलं न, आता तिचं हसणं आठवूनच नाही राहिलं."

मास्कवालाच फोटो छापला.

स्क्रीनवरचं मी अनडू केलं. त्यांनी पाहिलेलं कसं करायचं, कोणाला माहीत आहे का?