चार बोटं ढिला पट्टा

बावड्याच्या एसटी स्टँडवर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खांद्यावरची माझी बॅग उतरवली आणि विचारलं, "उजनीवानी पाणी आसंल न्हवं तितं?" मी म्हणालो, "व्हय." धडधडीत खोटं. उजनी धरणाच्या पाण्यात होडीत बसलो तरी मी दोन्ही हातांनी काठ धरून बसायचो, आणि मी निघालो होतो अंटार्क्टिकाला प्रवासी नेणाऱ्या जहाजावर, भाजीपाल्याच्या कोठारात नोकरी करायला. आईनं शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दोन पिशव्यांत बांधून दिली. गाडी हलताना तात्या एवढंच म्हणाले, "आपल्या हातनं कुणाचं वाईट हुता कामा नये, बास."

गावाकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, त्या वाक्यानं अजून माझा पिच्छा सोडलेला नाही.

आमची डाळिंबाची बाग. टेम्पो भरताना तात्यांचा नियम ठरलेला. क्रेटच्या थरांमध्ये उसाचं पाचट घालायचं आणि वरचा दोर जरा ढिला ठेवायचा. "मालाला हलायला जागा ठिव. आवळलं की फळ दबतं." लहानपणापासून माझ्या हातांना तीच सवय.

दक्षिण अमेरिकेचं टोक सुटलं की पुढं दोन दिवस नुसता मोकळा समुद्र. कप्तान स्पीकरवरून हवा बिघडल्याचं सांगतो आणि आमची माणसं जिन्याच्या कठड्यांत ओकारीच्या कागदी पिशव्या खोचत जातात. त्या दिसल्या की मी हाताला लागेल ते धरून ठेवतो. मी मुळातच भित्रा. माझं काम म्हणजे कोठारातला प्रत्येक क्रेट भिंतीला पट्ट्यानं आवळायचा. मधे बोटसुद्धा शिरता कामा नये, असं सुपरवायझरनं बजावलेलं.

दोन वर्षांपूर्वी मी सगळं आवळलं, फक्त टोमॅटो सोडून. परतीपर्यंत ताजी भाजी म्हणून तेवढेच उरणार होते, दबले असते तर जीव हळहळला असता. मधे पुठ्ठे घातले आणि पट्टा चार बोटं ढिला सोडला.

टेम्पो खड्ड्यात एकदा आदळतो आणि पुढं जातो. जहाज कलतं ते कलतच जातं, मग तेवढंच दुसरीकडं. भर दुपारी, त्या चार बोटांच्या जागेत हिसके खाऊन खाऊन बक्कल सुटलं आणि सगळी थप्पी फ्रान्सिसच्या अंगावर गेली. हा गोव्याचा, माझ्याच केबिनमधला, लोणी न्यायला आत आलेला. क्रेट आणि लोखंडी मांडणीच्या मधे त्याचा पाय सापडला. जहाज मी उभा होतो त्या बाजूला कललं की क्रेट जरा सुटायचे, परत फिरलं की त्याच्या पायावर बसायचे. तो ओरडतही नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. सुटतील तेवढ्यात एक क्रेट ओढायचा आणि भिंत धरून थांबायचं, असं करत आठव्या क्रेटनंतर त्याला बाहेर काढलं. पाय मोडला होता. बंदर दीड दिवस लांब.

पट्टा मीच ढिला सोडला, हे मी साहेबांना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तात्यांना तर यातलं अक्षरही कळू दिलं नाही. "माल नीट ऱ्हातो का रं?" ते फोनवर विचारायचे. मी म्हणायचो, "व्हय."

यंदा रजेवर घरी गेलो. आईनं चहा दिला की मी पेला हातातून सोडायचोच नाही. "सोड की पेला," ती हसायची, "हितं काय हलत न्हाय."

एका सकाळी टेम्पो भरला आणि तात्यांनी दोर माझ्याकडं दिला. मी गुडघा लावून आवळला.

"आरं, फळ दबंल की! इसरलास व्हय?"

तो ढिला करायला माझा हात होईना. तिथंच उभं राहून सगळं सांगून टाकलं. टोमॅटो, चार बोटं, फ्रान्सिस. तात्या पाचटाची काडी मोडत ऐकत राहिले.

"पोरगं चालतंय का आता?"

"चालतंय. जरा लंगडतं."

"मीच शिकिवलं व्हतं तुला."

तात्या टेम्पोवर चढले आणि दोराचं दुसरं टोक धरलं.

"वड."

"फळ दबंल, तात्या."

"दबू दे."

आज परत त्याच समुद्रात आहे. कठड्यांत कागदी पिशव्या खोचून झाल्यात. आता भर समुद्रातही जहाजावरून फोन लागतो. मघाशी लावला, तर तात्यांनी विचारलं, "लाट केवढी हाय?"

"आपल्या घराच्या वर जाईल एवढी. मला भ्या वाटतंय, तात्या."

"जा, पट्टं बगून ये. मी फोन धरून हाय."

फोन टेबलाच्या खणात ठेवून कोठारात गेलो. एकेका पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, कुठंच शिरलं नाही. भिंत धरत परत यायला बराच वेळ गेला. फोन कानाला लावला, तर बागेतली मोटर चालू असल्याचा आवाज येत होता आणि तात्या खोकत होते.