तिसऱ्या पुकाऱ्यानंतर

सांगलीहून आलेलं कार्ड वाचून मी पोस्टमनला परत देऊ लागलो. 'आमचे वडील गणपत सखाराम मोहिते गेल्या सोमवारी वारले. तुमची आठवण काढीत होते.' या नावाचं कुणी माझ्या ओळखीत नव्हतं. पोस्टमन म्हणाला, "आवं भाऊसाहेब, वर नाव तर तुमचंच हाय की!" मग खालची ओळ वाचली. 'सातारच्या कोर्टात ते पुकारा द्यायचे.' ...अकरा वर्षं आम्ही एका छपराखाली काढली होती. सगळं कोर्ट त्यांना 'पुकाऱ्या' म्हणे आणि मी अरे-तुरे करी. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे होते. आता 'ते' म्हणतो आहे, पण माणूस गेल्यावर आदर दाखवायला फारसा खर्च येत नाही.

पुकारा म्हणजे वऱ्हांड्यात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा मोठ्यानं घेणं. उत्तर आलं नाही तर माणूस गैरहजर आणि दावा खारीज. अडचण अशी की कागदावरचा ज्ञानदेव गावात जन्मभर ग्यानू असतो. पूर्ण नावानं हाक मारली की तो दुसऱ्याच कुणाची म्हणून मान वळवून बघतो. म्हणून मोहिते सकाळीच आवारातल्या चिंचेखाली भाकरीची फडकी सोडून बसलेल्या लोकांत हिंडायचे. "घरी काय म्हनत्यात रं तुला?" मग दोन पुकारे कागदातल्या नावाचे आणि तिसरा घरातल्या नावाचा. त्यानंतर ते थांबत. "मानसाला आपलं नाव वळखाया येळ लागतो भाऊसाहेब. कोर्टात तर लयच."

मी मॅट्रिक झालेला, आत कारकून. चार पिढ्या लेखणीवर जगलेलं घर, खुर्ची, टेबल, समोर भिंतीवर घड्याळ. कामापेक्षा मी त्या घड्याळाकडेच जास्त बघे. बाहेर उन्हात उभा असलेला हा माणूस मात्र रोज नव्या उत्साहानं ओरडे. याचं मला मोठं कुतूहल वाटे. अपेक्षा कमी, म्हणून समाधान जास्त, असा सिद्धांत मी बसवला होता. तो चहाच्या वेळी मांडला तेव्हा सगळ्यांना एकदम पटला. सगळे खुर्चीवर बसलेले होते.

दुसरी मोठी लढाई चालू असताना नवे जज्जसाहेब आले. त्यांच्या आधी त्यांचा बिल्लेवाला शिपाई येई आणि शिपायाच्या आधी शांतता. त्यांनी हुकूम काढला : नाव कागदात असेल तेच, तीनदा, पुढे अवाक्षर नको. तेव्हा मोहित्यांनी उलटी रीत धरली. सकाळी चिंचेखाली ते लोकांना त्यांचीच नावं पाठ करायला लावू लागले. चांगले मिशाळ बाप्ये स्वतःचं नाव पुटपुटत बसलेले मी पाहिले आहेत.

एकदा कोरेगावकडच्या एका विधवेचा जमिनीचा दावा होता. "यमुनाबाई भ्रतार कृष्णाजी!" लग्नात सासरी ठेवलेलं हे नाव, त्यानं तिला कधी कुणी हाक मारली नव्हती. सकाळी पढवलं होतं, पण भीतीनं बाई विसरली होती. दहा हातांवर, मांडीवर कागद घेऊन बसून राहिली. तीन पुकारे झाले. आत साहेबांनी टाक उचलला... आणि मोहिते गरजले, "आवं गोजराक्का, तुमीच त्या! उठा की!"

बाई उठली. तिचा दावा वाचला. मोहित्यांचा वऱ्हांडा गेला.

नोकरीही जायची होती. मी कोर्टाची व्यवस्था बघणाऱ्या नाझरांकडे रदबदली करून त्यांना दप्तरखान्यात बसवलं. पगार तोच, वर सावली आणि स्टूल. माझ्या मते ही बढतीच होती. "बसून काय करू?" ते म्हणाले. "मी काय कारकून हाय?"

काही महिन्यांनी मी त्यांना समजावायला गेलो. "पूर्वी कसा खुशीत असायचास! समाधान मानावं माणसानं."

त्यांनी गठ्ठ्यावरची धूळ झटकली. "तुमी म्हनायचा, खुशीत हायस. मी व्हय म्हनायचो. न्हाई म्हनलो असतो तर तुमी काय केलं असतं?"

मी भिंतीवर घड्याळ शोधलं.

"पर दारात उभा ऱ्हायलो की मानूस माज्या हाकंनं उठून यायचा. तेवढं काम माजं व्हतं. तेवढंच काढून घेतलंसा."

पुढल्या दिवाळीआधी ते नोकरी सोडून सांगलीला मुलाकडे गेले. मी निरोप द्यायला गेलो नाही. काम होतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

आता वऱ्हांड्यात नवा शिपाई आहे. तो तीन पुकारे एका दमात उरकतो. कार्ड आल्यानंतरच्या आठवड्यात त्यानं असंच म्हसवडच्या एका पक्षकाराचं भलंमोठं नाव उरकलं. बाहेर हालचाल नाही. मी खुर्चीवरून उठलो, वऱ्हांड्यात मोहिते उभे राहत त्या खांबापाशी गेलो आणि चिंचेकडे तोंड करून विचारलं, "म्हसवडचं कोण आहे का? घरी काय म्हणतात तुम्हाला?" एक म्हातारा चाचरत उठला. "मला व्हय? मला बापू म्हनत्यात."

"आत चला बापू, तुमचंच नाव आहे."

परत आलो तर हेडक्लार्क चष्म्यावरून बघत होते. "भाऊसाहेब, हे आपलं काम नव्हे."

नव्हतंच. पण त्या दिवशी घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.