सहा नंबरचा पाय

चिखलीच्या बाजारात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याच्या पायाचा नंबर माझ्या तोंडावर आलेला असतो, आणि हे चार लोकांना ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. जानेफळहून अख्खं वऱ्हाड खरेदीला आलं तरी मी मोजपट्टी काढत नाही. माझ्या बायकोला या फुशारकीचा वैताग यायचा. "लय शहाणे आहा तुम्ही," म्हणायची.

तिचा पाय सहा नंबरचा. नवा माल आला की पहिला जोड तिचा, हा आमच्या घरचा नेम.

ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दिवसभर चुलीपुढे उभी. पोळ्याच्या सुमाराला ती दुकानात आली, बाकावर बसली आणि पाय पुढे केला. चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उठला होता.

"चप्पल चावून राह्यली. जरा पाय पाहा ना माहा."

सणाची गर्दी होती. मी म्हटलं, "उभं राहून राहून सुजला असन. सात घाल." सात बरोबर बसली. मी गिऱ्हाइकांकडे वळलो.

दिवाळीच्या आत सातही घट्ट झाली. बायकांच्या चपलांत आठ माझ्याकडे नव्हती, म्हणून पुरुषी काढून दिली. वर चेष्टा केली, "आता माह्याच चपला घालत जाय." ती हसली. सकाळी तिचे डोळेही सुजलेले असायचे. मी म्हणायचो, झोप जास्त झाली. गधाच मी, दुसरं काय.

चार पावलांत दम लागायला लागला तेव्हा तिला बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी आधी खाली वाकून घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा.

"सूज कधीपासून आहे?"

मी पटकन बोलून गेलो, "सात नंबरपासून."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. ती म्हणाली, "त्याहिचं चपलाचं दुकान हाये, साहेब. पोळ्यापासून हाये सूज." तेव्हाही तिनं मलाच सांभाळून घेतलं.

तिच्या किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. पाय सुजले तेव्हाच आला असता तर काही तरी करता आलं असतं, एवढंच म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. काही दिवसांत पायाची सूज उतरली. एका सकाळी जुनी सहा तिच्या पायात बसली आणि मला इतका आनंद झाला, की दवाखान्याच्या बाकावरच्या अनोळखी माणसांना मी सांगत सुटलो. सिस्टर म्हणाल्या, "काका, ते मशीननं पाणी ओढलंय." मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझा विश्वास नंबरावर.

होळीच्या आधी ती गेली. पाय सहाचाच होता.

आता कुणी बाई नेहमीपेक्षा एक नंबर मोठा मागायला लागली की मी खाली बसतो आणि तिच्या पायाला अंगठा लावून बघतो. काही जणी पाय मागे ओढतात. एकीचा नवरा तर अंगावरच आला. येऊ द्या. मी त्यालाही सांगितलं, आधी हिला डॉक्टरकडे ने, चपला मग देतो.

परवा बहीण म्हणाली, वहिनीच्या चपला कुणाला तरी देऊन टाक. मी खाटेखालून तिन्ही जोड काढले. सहाच्या टाचा एका बाजूनं पार झिजलेल्या. सातवर तिच्या बोटांचे काळपट ठसे. आठच्या तळाला माझ्या दुकानाचं स्टिकर अजून होतं. त्या चपलेत ती चाललीच किती.

बहीण दारात पिशवी धरून उभी होती. मला ते जोड काही उचलवेनात. तिनं पाय पाहा म्हटलं होतं. मी चप्पल दिली.