चोर सोडून बोंबलाला फाशी

भाईंदरजवळच्या उत्तनहून घरी नाशिकला निघालो तेव्हा मी भलताच खुशीत होतो. सोबत बायको शुभांगी, आठ वर्षांची सई आणि माझी टर्बो इंजिनाची गाडी. तिला मी हौसेने गॅस किट बसवून घेतलंय आणि नाशिकला नुसत्या पेट्रोलवर फिरणाऱ्या मित्रांना त्यावरून चिडवतही असतो.

शुभांगीच्या मैत्रिणीकडे दोन दिवस राहिलो. अंगणात क्रूस, त्यापलीकडे बांबूंच्या मांडवावर वाळणारे बोंबील आणि मग थेट समुद्र. जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. मैत्रिणीची आई, रेजिनामावशी, मी नको म्हणेपर्यंत वाढायची आणि नको म्हटल्यावरही वाढायची. निघताना तिने सुक्या बोंबलांचं मोठं पुडकं आणून दिलं. मी नाक मुरडलेलं तिने पाहिलं.

"न्या वो जावई. वास हाय तर चव हाय," ती म्हणाली.

भाईंदरच्या उड्डाणपुलावर चढताना गाडीने धक्के द्यायला सुरुवात केली. सपाटीवर ठीक, पाय दाबला की गचके. भरीला गाडीत वास पसरला. एसी चालू, काचा बंद. मी सगळं खापर बोंबलांवर फोडलं आणि मावशीला हे द्यायची काय गरज होती, हेही बोलून गेलो. जेसल पार्कला थांबून उदबत्ती आणि काडेपेटी घेतली, शुभांगीच्या हातात दिली आणि एक लाव म्हणालो. तिने ते सगळं पर्समध्ये कोंबलं आणि तोंड फिरवून बसली. सई मागे झोपली होती.

धक्के वाढले तसा मी गोडदेवमधल्या एका गॅरेजपाशी थांबलो. मालक कांबळे मूळचे परभणीचे, वीस वर्षं इथेच. त्यांनी आधी गाडी पेट्रोलवर चालवून पाहिली. मऊसूत. गॅसवर टाकून दाबली की मिसिंग (इंजिनचे ठोके चुकणे) सुरू. प्लग काढून पाहिले, कॉइल तपासल्या, सगळं ठीक. टर्बो जोर करतो तेव्हा गॅस पुरत नाही, तो मध्येच कुठेतरी जातोय, असं ते म्हणाले. मग गाडीत डोकावून त्यांनी वास कसला म्हणून विचारलं. मी हसत बोंबलांची गोष्ट सांगितली.

कांबळे हसले नाहीत. त्यांनी पुडकं उचललं आणि लांब बाकावर नेऊन ठेवलं. चारही दारं बंद करून थोड्या वेळाने एक उघडलं. वास तसाच होता.

"पोरीला खाली घ्या आधी," ते म्हणाले.

मी झोपलेल्या सईला उचलून शुभांगीकडे दिलं. त्यांनी बॉनेटखाली गॅसच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडे आले. क्षणभर इंजिनाचा आवाज वाढवला, तसा फेस भराभर फुगला. वीतभर अंतरावर टर्बो, हात लावला तर भाजेल असा. त्यांनी लगेच टाकीचा कॉक बंद केला.

"हीच हवा एसीने आत येत होती साहेब. आत कोणी काडी ओढली असती ना, तर खल्लास."

मी तिथेच पायरीवर बसलो. आपल्याच पोरीला आपणच जाळणार होतो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

कांबळेंनी जोडापाशी फाटलेली नळी बदलली, पण मी गॅस सुरू करू दिला नाही. पेट्रोलवर, काचा उघड्या ठेवून निघालो. कसारा घाटात मी कसाबसा म्हणालो, "तू ओळखलंस म्हणून वाचलो."

"मी कसलं ओळखतेय? मलाही बोंबीलच वाटले," शुभांगी म्हणाली. "मावशीला नावं ठेवलीत म्हणून रागाने उदबत्ती नाही लावली. एरवी लावली असती."

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझं मला माहीत. मी घरी पोचलो तो बायको माझ्यावर चिडली म्हणून.